कटिंग मशीन सापडत नाही

आत्याच्या चष्म्याच्या दुकानातला कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची. अकरा म्हणजे अकरा, भिंगरीने भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजली होती. तेवढ्यात माणूस आंघोळ उरकून, केस विंचरून, डबा भरून, दुसऱ्या पायाचा मोजा शोधून परत येईल. आत्या मात्र त्या डबड्याला कधी नावं ठेवत नसे. सकाळी त्याचं बटण दाबायचं आणि त्याच्याकडे पाठ करून काउंटर पुसायला लागायचं, अशी तिची पद्धत होती.

भिंगरीला ते बघवत नव्हतं. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं हा प्रकार तिला जन्मापासून माहीत नव्हता. त्यात दोन आठवड्यांपूर्वी शाळेत एक मोठी गोष्ट घडली होती. कॉम्प्युटरच्या वर्गातलं एक मशीन काळ्या पडद्यावर अडकून बसलं होतं. सरांनी दोनदा प्रयत्न करून हात टेकले, आणि हिने मशीनच्या मागे कुणीतरी विसरलेला एक पेनड्राइव्ह उपटून काढला की मशीन सुरू. सरांनी अख्ख्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्या तिच्या कानात अजून वाजत होत्या. तेव्हापासून ती जिने दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची आणि कुणी काही म्हणायच्या आत "थांबा, मी बघते" म्हणायची.

रविवारी दुकान बंद असतं. भिंगरीने आत्याच्या खनपटीला बसून किल्ली मिळवली. कॉम्प्युटर जागा झाला की त्याच्या मागोमाग आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम किती, याची यादी तिने उघडली तर ते सतरा निघाले. त्यातले तीन अशा प्रिंटरचे होते, जो आत्याने कधीच देऊन टाकला होता. एक बाहेरचं हवामान सांगायचा, आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावरच तर खिडकी. व्हायरसवर पहारा ठेवणारे दोन होते आणि दोघं बहुतेक एकमेकांवरच पहारा ठेवत होते. तिने सतरातले चौदा बंद करून टाकले आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

अठ्ठेचाळीस सेकंद! तिने मधल्या टेबलाभोवती एक अख्खी फेरी मारली, खुर्चीला पाय लागून ती पडली, आणि पडल्या पडल्या आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली की बरं झालं, आता दिवे बंद करून घरी ये.

मागच्या खोलीत ती रविवारी गेलीच नाही. तिथलं काम कॉम्प्युटरचं नव्हतं ना.

मागची खोली ही घासकाकांची. ते चष्म्याच्या काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करत, आत्याच्या सासऱ्यांच्या वेळेपासून, म्हणून घासकाका. आता मनगट आखडल्यामुळे हाताने घासणं बंद झालं होतं आणि ते काम एक कटिंग मशीन करत होतं. कपडे धुवायच्या मशीनएवढं धूड, पुढे काचेचं झाकण, आत फिरणारा दगड आणि त्याच्यावर सतत पाण्याची धार. फ्रेमचा आकार कॉम्प्युटरमधला कापायचा प्रोग्रॅम त्याला सांगायचा आणि मशीन त्या आकाराची काच कापून द्यायचं. काका त्या मशीनला बाईसाहेब म्हणत. खोलीला ओल्या प्लास्टिकचा वास आणि प्रत्येक वस्तूवर पिठासारखी पांढरी भुकटी.

त्या खोलीचा एक नियम होता. पाणी आणि वीज इथे शेजारी शेजारी नांदतात, म्हणून काही बिनसलं तर आधी दाराबाहेर, कॉम्प्युटरच्या शेजारी असलेला, दोघांची वीज तोडणारा मोठा स्विच पाडायचा. सगळं बंद, मग सगळं चालू. एकट्या कॉम्प्युटरची किंवा एकट्या मशीनची कळ कुणी फिरवायची नाही. हा नियम काकांचा होता आणि तो आत्याही मोडत नसे.

सोमवारी काका यायच्या आत, साडेसातला, भिंगरीने दुकान उघडलं. शाळा दुपारची, त्यामुळे सकाळ तिचीच. तिने मोठा स्विच वर केला, लगेच कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि काकांची वाट बघत दारात जाऊन हाताची घडी घालून उभी राहिली. आठला काका आले. तिने त्यांना हाताला धरून पडद्यासमोर नेलं. पडद्यावर लिहिलं होतं, 'कटिंग मशीन सापडत नाही.'

काकांनी वळून मशीनकडे बघितलं. ते जागेवरच होतं, हिरवा दिवा लागलेला.

"हे काय समोर उभं आहे," काका कॉम्प्युटरला म्हणाले.

नियमाप्रमाणे भिंगरीने मोठा स्विच पाडला, वर केला, कॉम्प्युटर सुरू केला. अठ्ठेचाळीस सेकंदांत पुन्हा तेच वाक्य. आणखी दोनदा तेच. तिला वाटलं, बंद केलेल्या चौदातला एखादा कामाचा असणार. तिने प्रिंटरवाला एक परत चालू केला, पण तोवर शाळेची वेळ झाली आणि दप्तर उचलून ती पळाली. दुपारी काकांनी नियमाप्रमाणे सगळं बंद करून सगळं चालू केलं, आणि मशीन सापडलं. संध्याकाळपर्यंत सहा चष्मे कापून झाले.

संध्याकाळी हे ऐकून भिंगरीने तळहातावर मूठ आपटली. प्रिंटरवाला! नसलेल्या प्रिंटरचा असलेला नोकर! कसं ते तिला कळत नव्हतं, पण टाळ्या वाजल्या की कारण कोण विचारतं.

मंगळवारी सकाळी तिने मोठ्या तोऱ्यात सगळं सुरू केलं. मशीन सापडत नाही. प्रिंटरवाला तर चालूच होता. तिने डोकं खाजवून हवामानवाला चालू केला. नाही. पहारेकऱ्यांपैकी एक चालू केला. नाही. शाळेची वेळ झाली. दुपारी काकांनी सुरू केलं आणि मशीन गुमान सापडलं.

आता तिच्या डोक्याचा भुगा व्हायला लागला. सकाळी नाही, दुपारी हो. म्हणजे ऊन लागतं का? कॉम्प्युटर सावलीत होता. वर्गात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने फोनवर सुचवलं की काही बिघाड फक्त तुला बघून होतात, आमच्या घरी माझ्या भावाला बघून टीव्ही बिघडतो. भिंगरीला हसू आलं आणि मग आलं नाही.

त्याच संध्याकाळी, काका सगळं बंद करून घरी गेल्यावर, काचांचं पार्सल आलं आणि गंमत संपली.

त्या काचा ड्रायव्हरकाकांच्या होत्या. डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर बावीस वर्षं बस चालवणारा हा माणूस मागच्या महिन्यात स्वतःच्याच चष्म्यावर बसला होता. तेव्हापासून एक काडी दोऱ्याने बांधून तो फिरत होता, आणि आता त्याचा नंबरही बदलला होता. शनिवारी सकाळी दहाला डेपोत त्याच्या डोळ्यांची तपासणी होती. नव्या चष्म्याशिवाय तपासणीच्या तक्त्यावरच्या तीन ओळींपलीकडे त्याला दिसत नव्हतं. नापास झाला तर स्टिअरिंग सुटणार आणि डेपोच्या आवारात पाण्याची नळी हातात येणार.

"गाडी धुवायला मला आवडतं," तो आत्याला म्हणाला होता, "पण चालवून आणल्यावर."

त्याचा नंबर तिरका, म्हणजे काच नेमक्या कोनातच बसायला हवी, आणि अवघड. काचांची ही एकच जोडी बाहेरून बनून आली होती, दुसरी यायला दहा दिवस. हाताने घासायला गेलं आणि काकांचं मनगट केसभर हललं तर काच फुकट. मशीन कधी सापडेल, कधी नाही, म्हणून आत्याने मोठ्या दुकानात विचारून पाहिलं, ते सोमवारी कापून देतो म्हणाले. मशीनच्या कंपनीचा माणूस पुढच्या मंगळवारी येतो म्हणाला. म्हणजे शनिवारच्या आधी असं कुणीच नाही. बाईसाहेब आणि भिंगरी, एवढंच.

बुधवारी तिने एक उभी वही घेतली. रकाने आखले. दिवस, काय बदललं, चाललं की नाही, आणि शेवटचा रकाना शंका. मग तिने आत्याला ठणकावून सांगितलं की एका घरात दोन डॉक्टर औषध द्यायला लागले तर रोग कळत नाही. आता कॉम्प्युटरला फक्त तीच हात लावणार. काका दुपारी येऊन काहीतरी करतात आणि तिचा सगळा प्रयोग नासतो.

काकांना राग आला असेल तर तो त्यांनी दाखवला नाही. स्टूल ओढून, हात मांडीवर ठेवून ते म्हणाले, बरं, मी बसतो. आत्या काही बोलणार होती, पण बाहेर गिऱ्हाईक आलं.

बुधवारी सकाळी नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर पळत येऊन केलं, तेव्हाही नाही. चौदाच्या चौदा प्रोग्रॅम तिने परत चालू केले, कॉम्प्युटर रडतखडत साडेतीन मिनिटांवर गेला, आणि तरीही नाही. हे तर अतीच झालं. सगळं होतं तसं परत केल्यावर तरी चालायला हवं ना? मग तिला आठवलं की तिने त्या रविवारी जुना कचरा पण साफ केला होता, आणि 'जलद सुरुवात' असं लिहिलेल्या चौकोनात खूण पण केली होती, की काढली होती? तिला आठवेना. तिने लिहूनच ठेवलं नव्हतं. वर्गात टाळ्या घेणारी मुलगी, आणि साधं लिहून ठेवलं नव्हतं. तिचे कान गरम झाले.

गुरुवारी शंकांचा रकाना भरून वाहायला लागला. आत्याने सोमवारी आणि मंगळवारी निळा ड्रेस घातला होता, बुधवारी नाही. काका येतात तेव्हा रेडिओ चालू असतो. मशीनची वायर उंदराने? वायर तिने बोटाने शेवटपर्यंत चाचपली, शाबूत होती. तिने रेडिओ लावून बघितला. आत्याला निळा ड्रेस घालून यायला सांगितलं, तेव्हा आत्याने तिच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच मिटला. शेवटची शंका तिने इकडेतिकडे बघून, कुणी नाही याची खात्री करून, मोठ्या अक्षरांत लिहिली. अक्षरं मोठी झाली कारण हात चिडला होता.

ती शाळेला निघायच्या आधी ड्रायव्हरकाका चौकशीला आला. दोऱ्याची काडी कानावरून घसरत होती. आत्या काउंटरमागे नुसतीच रुमाल घडी करत राहिली. तो तिला म्हणाला, ताई, घाई नाही, परवा सकाळपर्यंत वेळ आहे. आणि हसला. मग बाहेर पडताना दाराला काच नाहीच असं समजून त्याने कपाळ आपटून घेतलं आणि दाराचीच माफी मागितली.

भिंगरीने ते पाहिलं. त्या दिवशी शाळेत तिला काही विचारलं गेलं की नाही, हेही तिला आठवलं नाही. डोळ्यासमोर एकच चित्र, घाटातलं वळण आणि स्टिअरिंगवर दुसरंच कुणीतरी. घाट तिने पाहिलेला नव्हता, त्यामुळे तो मनात फारच उंच झाला होता.

शुक्रवारी सकाळी ती आठ वाजेपर्यंत दुकानाच्या पायरीवरच बसली. काका आले तेव्हा उठून उभी राहिली, वही छातीशी धरून.

"काका, आज तुम्ही लावा. मी हात लावत नाही. फक्त लिहिते."

काकांनी भुवया वर केल्या. "काय लिहिशील?"

"सगळं. तुम्ही शिंकलात तरी लिहीन."

आत्या दार उघडता उघडता थांबली आणि तिने भाचीकडे जरा निरखून पाहिलं. मग बाजूला झाली.

काकांनी मोठा स्विच वर केला. आठ वाजून चार मिनिटं. मशीनच्या आत काहीतरी घरघरलं. काकांनी पिशवी खिळ्याला लावली. ॲप्रन काढला, झटकला, भुकटीचा ढग उडाला, ॲप्रन घातला. भिंगरी लिहीत होती. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून त्यांनी बोट बुडवून पाहिलं, बादली भरून आणली, ओतली. मशीनच्या झाकणाला कान लावून उभे राहिले. आत दगडाचा हात वर गेला, खाली आला, डावीकडे, उजवीकडे, मग पाण्याची एक पिचकारी उडाली. काकांनी मान हलवली. स्वतःचा चष्मा पुसला. आधी डावी काच, मग उजवी, मग परत डावी, कारण उजवी पुसताना डावीला बोट लागलं. रेडिओ लावला. मशीनवर हिरवा दिवा लागला. मग, कसलीच घाई नसलेल्या माणसासारखे ते कॉम्प्युटरपाशी आले आणि त्यांनी बटण दाबलं.

आठ वाजून अकरा मिनिटं.

साडेतीन मिनिटांनी पडद्यावर ओळ आली, 'कटिंग मशीन जोडलं गेलं.'

आत्या सरळ ट्रेकडे गेली आणि ड्रायव्हरकाकांच्या काचा घेऊन आली. काकांनी उजवी काच बसवली, झाकण लावलं. पाण्याची धार सुटली, दगड फिरायला लागला आणि खोलीत तो किरकिरता आवाज भरला. भिंगरीला तो आवाज नेहमी नकोसा वाटायचा. आज ती त्याच्याकडे कान लावून उभी होती आणि बोट वहीतल्या दोन आकड्यांवर फिरवत होती. आठ चार. आठ अकरा.

ती स्वतः सुरू करते तेव्हा मोठा स्विच आणि बटण यांच्यात किती वेळ जातो? काहीच नाही. एक हात स्विचवर, दुसरा बटणावर.

"काका," ती आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "मशीनला उठायला किती वेळ लागतो?"

"बाईसाहेबांना? चार-पाच मिनिटं. हातपाय ताणतात, तोंड धुतात. तोवर कुणाशी बोलत नाहीत."

"हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

काका काचेवरची नजर न काढता म्हणाले, "तू मला बसायला सांगितलंस ना. मी बसलो."

भिंगरीने वहीतला बुधवार उघडून पाहिला. ती खरोखरच बसायला सांगून बसली होती.

डोक्यातला गुंता मग सुटायला लागला, एक टोक हाताला लागल्यावर लोकरीचा सुटतो तसा. कापायचा प्रोग्रॅम जागा झाला की एकदाच हाक मारतो, मशीन आहे का? वर्गात हजेरी घेतात तसं. त्या क्षणी मशीन आत तोंड धूत असेल तर 'हजर' कोण म्हणणार? आणि हजेरीनंतर आलेल्याला आमच्या बाई दिवसभर गैरहजरच धरतात, समोर बसलेला दिसत असला तरी. म्हणून तो हिरवा दिवा आणि म्हणून ते वाक्य. पूर्वी कॉम्प्युटर अकरा मिनिटं लोळायचा, तोवर मशीन आवरून तयार असायचं. तिने त्याला चटपटीत केला आणि तो मशीनच्या आधी वर्गात पोचायला लागला, चौदा परत आल्यावरही, कारण साडेतीन मिनिटंसुद्धा कमीच. आणि दर वेळी बिघडलं की नियमाप्रमाणे सगळं बंद, सगळं चालू, म्हणजे बिचारं मशीन पुन्हा तोंड धुवायला! एकट्या कॉम्प्युटरची कळ कुणी फिरवली असती तर पहिल्याच सोमवारी सगळं सुरळीत झालं असतं.

म्हणजे प्रिंटरवाला निर्दोष होता. हवामानवालाही. निळा ड्रेस तर होताच.

तिने आत्याला हे एका दमात सांगितलं. आत्याला त्यातलं अर्धं कळलं. तिने विचारलं, मग आता नक्की ना? भिंगरी म्हणाली की नक्की करायला एकदा मुद्दाम बिघडवून पाहायला हवं. सगळं बंद करून माझ्या पद्धतीने लावते, नाही चाललं तर मी बरोबर.

"डावी काच अजून आत आहे," आत्या म्हणाली. "मोठ्या स्विचकडे नुसतं बघितलंस तरी याद राख."

दोन्ही काचा कापून, कडा पुसून, फ्रेममध्ये बसल्यावरच तिला परवानगी मिळाली. तिने आपल्या पद्धतीने लावलं. नाही सापडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा न चालणाऱ्या गोष्टीवर ती खूश झाली. मग काकांच्या पद्धतीने लावलं. सापडलं. मग तिने चौदा आगंतुकांना परत झोपवलं आणि कापायच्या प्रोग्रॅमला तेवढं बजावून ठेवलं, की तू इतरांबरोबर उठायचं नाहीस, सहा मिनिटं थांबून उठायचं. प्रत्येक गोष्ट वहीत लिहिली. चौकोनातली खूणसुद्धा.

"म्हणजे अकराची सात झाली," काकांनी हिशेब केला. "आठवडाभरात चार मिनिटं वाचवलीस."

"पावत्या अठ्ठेचाळीस सेकंदांत निघतील," भिंगरी घाईघाईने म्हणाली. "कापायलाच तेवढी सात."

शाळेला निघायच्या पाच मिनिटं आधी ड्रायव्हरकाका आला. या वेळी दारातच हात पुढे धरून, काचेचा अंदाज घेत. आत्याने नवा चष्मा त्याच्या नाकावर ठेवला, काड्या कानांमागे बसवल्या, जरा मागे होऊन पाहिलं. त्याने दिव्याकडे पाहिलं, छताच्या कोपऱ्याकडे पाहिलं, तिथे त्याला एक जळमट दिसलं असावं, कारण तो त्याच्याकडे बघून हसला. भिंतीवर नंबर तपासायचा अक्षरांचा तक्ता होता. आत्याने वाच म्हटलं तर तो म्हणाला, ताई, हा तक्ता मला पाठ झालाय, त्याचा काही भरवसा नाही.

मग त्याची नजर उघड्या दारातून मागच्या खोलीत गेली. स्टुलावर वही उभी टेकवून ठेवली होती, उघडी, दहा-बारा पावलं दूर.

"दिवस," त्याने वाचायला सुरुवात केली. "काय बदललं. चाललं की नाही."

भिंगरीला एकदम आठवलं की पान कोणतं उघडं आहे. ती धावली, पण मध्ये तीच ती खुर्ची होती.

"शंका," ड्रायव्हरकाका सावकाश, एकही अक्षर न चुकता वाचत होता. "आत्याचा निळा ड्रेस, प्रश्नचिन्ह. रेडिओ, प्रश्नचिन्ह. मशीन घासकाकांना घाबरतं का, दोन प्रश्नचिन्हं."

आत्याने तोंडावर रुमाल धरला. काका ॲप्रनला हात पुसत दारात आले, त्यांनी चष्म्याकडे पाहिलं, चष्म्यामागच्या माणसाकडे पाहिलं आणि मग खुर्चीला धरून उभ्या असलेल्या लालबुंद मुलीकडे पाहिलं.

"पास," ते म्हणाले.